नमाजचा तक्ता उतरवा, इनाम राहू द्या

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात मी मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शिक्षणाच्या वर्गात) मुअल्लिमा, म्हणजे शिक्षिका, आहे. असर ते मगरिब (दुपारनंतरच्या नमाजपासून सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत) ४२ मुलं-मुली येतात, वयं ६ ते १४. दोन वर्षांपूर्वी आम्ही छडी बंद केली आणि इनामं सुरू केली. भिंतीवर नावांचा तक्ता लावला. प्रत्येक नमाजला एक गुण, फजरला (पहाटेच्या नमाजला) दोन. अदबीने वागलं तर एक गुण जास्त, भांडण किंवा खोटेपणा केला तर एक वजा. शनिवारी गुण मोजून चॉकलेट, पेन, कंपासपेटी. सुरुवातीला मुलं धावत यायची. आता घरून सगळ्यांच्याच चिठ्ठ्या पाचही नमाजांच्या सह्यांनी भरून येतात, दर शनिवारी तीच पाच मुलं पुढे असतात आणि मोठ्या मुलींनी तक्ता भरणंच सोडलंय. मौलाना म्हणतात, ही रियाकारीची (देखाव्याची) तालीम चाललीय. उलट कमिटीतले एक काका चाळीस दिवस फजर जमातने (मशिदीत सगळ्यांसोबत) पढणाऱ्या मुलाला सायकल द्यायला निघालेत. परवा नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "आपा, मे महिन्यात मी नानीकडे मुंबईला जाणार, तिथले गुण कोण लिहिणार?" मला उत्तर सुचलं नाही. इनाम बंद करू का?

वा अलैकुम अस्सलाम आपा,

इनाम बंद करू नका. तक्ता मात्र उतरवा, आणि वजा गुण तर आजच थांबवा.

छडी बंद केलीत हे फार मोलाचं काम झालं. इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात म्हटलंय की जबरदस्तीने आणि मारून शिकवलेलं मूल खोटं बोलायला शिकतं, आत एक बाहेर एक वागायला शिकतं, कारण मार चुकवायचा तोच रस्ता त्याला दिसतो. वजा गुणाने नेमकं हेच होतं. भांडण झालं की मूल ते मिटवायच्या आधी लपवतं. दुसरं मूल आपला नंबर वर यावा म्हणून चुगली करतं. तुम्ही सच्चाई शिकवायला गुण ठेवलात आणि त्या गुणांनीच खोटी सही घरात आणली. यात मुलांचा दोष नाही. घरचेही मुद्दाम फसवत नाहीत. शेजारच्या मुलाला पेन मिळतं आणि आपल्याला नाही म्हणून मूल रडतं, तेव्हा आई सही करून मोकळी होते.

मौलानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सूरह माऊनमध्ये दाखवण्यासाठी नमाज पढणाऱ्यांबद्दल फार कडक शब्द आहेत आणि सहीह बुखारी या संग्रहातली पहिलीच हदीस (पैगंबरांच्या वचना-वर्तनाची नोंद) नियतची, म्हणजे हेतूची, आहे. पण म्हणून इनाम म्हणजे रियाच, असं होत नाही. हजरत रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) सांगतात की आशूऱ्याच्या (मुहर्रमच्या दहाव्या) दिवशी आम्ही लहान मुलांकडूनही रोजा ठेवून घ्यायचो, त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करायचो आणि एखादं भुकेने रडायला लागलं की इफ्तारची वेळ होईपर्यंत ते खेळणं त्याच्या हातात द्यायचो. ही हदीस बुखारीत आहे. इमाम गजालींनीही 'एहया' या ग्रंथात मुलांच्या तरबियतीबद्दल (संस्कारांबद्दल) लिहिताना सांगितलंय की मुलात चांगली गोष्ट दिसली की त्याची कदर करावी, त्याला आवडेल असं काही द्यावं, लोकांसमोर कौतुक करावं; आणि एखाद्या वेळी चुकलं तर दुर्लक्ष करावं, पडदा फाडू नये.

आता त्या लोकरीच्या खेळण्याकडे नीट बघा. ते रोज्याची मजुरी म्हणून दिलेलं नव्हतं. रोजा निभवायला जड जातोय, त्या दोन-तीन तासांत हाताशी आधार म्हणून दिलेलं होतं. रोजा पुरा झाला तर खेळणं, मोडला तर नाही, असा सौदा त्यात कुठेच नाही. तुमच्या तक्त्यात तो सौदा आहे आणि सगळी गडबड तिथून सुरू झालीय. इनाम आधार म्हणून देता येतं. मजुरी म्हणून दिलं की मूल मजुरासारखाच हिशेब करतं, मग "मुंबईचे गुण कोण लिहिणार" हा प्रश्न अगदी रास्त ठरतो.

हे नुसतं धर्माच्या अंगाने म्हणतोय असं नाही. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायची आधीपासूनच हौस होती अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा समोर ठेवली, तेव्हा कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस शाबूत होती. म्हणजे बिघाड वस्तूने होत नाही, "हे केलंस तर ते मिळेल" या कबुलीने होतो. आणि तोही अशा कामात, जे मूल आपखुशीने करत होतं किंवा पुढे आपखुशीने करावं असं आपल्याला वाटतं. ज्या कामात अजून गोडीच नाही, उदाहरणार्थ कायद्यातले (अरबी वाचायच्या पहिल्या पुस्तकातले) मखरज, म्हणजे अक्षरांच्या उच्चाराच्या जागा, घोकणं, तिथे छोटं कबूल इनाम फारसं नुकसान करत नाही. सुरुवातीचा चढ चढायला मदतच होते.

तेव्हा मकतबच्या कामाचे तीन ढीग करा आणि प्रत्येकाला वेगळा नियम लावा. पहिला ढीग शिकायच्या गोष्टींचा: कायदा, नाझरा (कुरआन बघून वाचणं), दुआ, वुजूची (नमाजआधी हातपाय-तोंड धुण्याची) पद्धत. इथे आधी सांगून इनाम चालेल. दुसरा अखलाकचा (वागणुकीचा): खरं बोलणं, वाटून खाणं, लहानांना सांभाळणं. इथे आधी काही कबूल करायचं नाही. दिसलं की न सांगता कौतुक, क्वचित छोटी भेट. तिसरा ढीग इबादतीचा (उपासनेचा): नमाज, रोजा, तिलावत (कुरआन-पठण), सदका (दान). याला गुण नाहीत, किंमत नाही, तक्ता नाही.

पहिल्या ढिगातली एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण त्यात ज्ञान आणि अखलाक दोन्ही येतात. पैगंबर मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असं हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलंय. एक मुद्द म्हणजे आजच्या मापात साधारण अर्धा ते पाऊण लिटर. कोकणात एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळाला जातात, टँकरची वाट बघावी लागते, त्यामुळे हे शिकवायला याहून चांगली वेळ नाही. पहिल्या आठवड्यात वुजूच्या नळाखाली बादली ठेवा, प्रत्येक मुलाचं वाहून गेलेलं पाणी लिटरच्या बाटलीने मोजा आणि आकडा फक्त त्यालाच सांगा. रागवायचं नाही. आकडा ऐकून त्याचे डोळेच मोठे होतात. दुसऱ्या आठवड्यात नळ बंद, दोन लिटरचा तांब्या. तिसऱ्या आठवड्यापासून एक लिटरची बाटली. सहा-सात वर्षांच्यांना दीड लिटरवरच थांबू द्या, त्यांच्या हातून सांडतंच. बेचाळीसच्या बेचाळीस मुलांना एक-दीड लिटरात वुजू जमला की सगळ्या वर्गाला सरबत आणि एक संध्याकाळ खाडीवर, असं आधीच जाहीर करा. कितीही वेळा प्रयत्न करू द्या. इनाम सगळ्यांचं मिळून असलं की जमलेली मुलं न जमलेल्यांच्या मागे उभी राहून त्यांना शिकवू लागतात. तुमच्या तक्त्याने दोन वर्षांत हे झालं नसेल.

यात एक गोष्ट हमखास बिघडते. पाणी वाचवायच्या नादात मुलं टाचा कोरड्या ठेवतात. टाचा कोरड्या ठेवणाऱ्यांना हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, तीच त्यांना सांगा. तपासताना बाटलीआधी टाच आणि कोपर बघा. शाफई मसलकातले, म्हणजे त्या धर्मशास्त्र-परंपरेतले, सहा फर्ज किंवा अनिवार्य बाबी (नियत, चेहरा, कोपरासकट हात, डोक्याच्या काही भागाचा मसह म्हणजे ओला हात फिरवणं, घोट्यासकट पाय आणि हाच क्रम) पूर्ण झाले तरच बाटली मोजायची. नाहीतर मुलं कंजूसपणा शिकतील आणि वुजू राहून जाईल.

सबकाच्या (रोजच्या धड्याच्या) बाबतीत नव्या पानांवर इनाम ठेवू नका. "सर्वात जास्त सूरह कोणाच्या पाठ" अशी चढाओढ लावली की मुलं गाडी सोडल्यासारखं पढतात, 'ऐन' आणि 'हम्जा' ही अरबी अक्षरं एक होऊन जातात आणि महिन्याने विचारलं तर निम्मं उडालेलं असतं. इनाम ठेवायचं तर आमोख्त्यावर (जुन्या धड्याच्या उजळणीवर) ठेवा: आठ दिवसांपूर्वीचा सबक आज न अडखळता आला, तर. मोजणी त्या मुलाची त्याच्याशीच. गेल्या आठवड्यात पाच ठिकाणी अडकला, आज दोन ठिकाणी, म्हणजे तो पुढे गेला. शेजारचा अजिबात अडकला नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मग त्याच पाच मुलांची मक्तेदारी आपोआप मोडते, कारण मागे असलेल्याला पुढे जायला जागा जास्त असते.

आणि हे इनाम हळूहळू काढून घ्यायचं असतं, तेही पहिल्या दिवसापासून ठरवून. पहिले तीन आठवडे प्रत्येक वेळी: एक खजूर, एक पेन्सिल, सहा-सात वर्षांच्यांना चांदणीचं स्टिकर. पुढचे तीन आठवडे कधी द्यायचं, कधी नुसतंच "माशाअल्लाह, आज 'काफ' स्वच्छ निघाला" म्हणायचं. सातव्या आठवड्यापासून वस्तू बंद, शब्द चालू. दहाव्या आठवड्यानंतर त्या गोष्टीला शब्दही रोज लागत नाहीत. तोवर नवी गोष्ट शिकायला आलेली असते. लोक इथे एक चूक करतात: इनामाचा असर ओसरला की वस्तू मोठी करतात. एका चॉकलेटची दोन होतात, मग कंपास, मग घड्याळ. असर ओसरणं ही वस्तू मोठी करायची खूण समजू नका. ती वस्तू काढायची वेळ झाल्याची खूण आहे.

अकरा-बारा वर्षांपुढच्या मुलांना स्टिकर दाखवूच नका, त्यांना तो अपमान वाटतो. त्यांना जबाबदारी द्या. आठ-आठ दिवसांची पाळी लावा: कायद्याच्या दोन मुलांचा सबक ऐकणं, रिहाल (कुरआन ठेवायची घडवंची) आणि कुरआन शरीफ जागेवर ठेवणं, हजेरी घेणं, पाण्याचा माठ भरणं, मुलांपैकी कोणी मगरिबची अजान देणं. पाळीवर प्रत्येक जण आला पाहिजे. हुशार मुलांनाच अजान आणि बाकीच्यांना झाडू असं झालं की ती वर्गवारी मुलं बरोबर ओळखतात. मुलींच्या वाट्याला फक्त झाडू आणि माठ येत नाही ना, हे मुद्दाम बघा. सबक ऐकायचं आणि दुआ सांगायचं काम त्यांना आधी द्या.

मोठ्या मुलींनी तक्ता का सोडला, याचं उत्तर बहुतेक तुम्हाला मनातून माहीत असेल. बालिग झालेल्या (वयात आलेल्या) मुलीला महिन्यातले काही दिवस नमाज माफ असते. भिंतीवरच्या तक्त्यात त्या दिवसांचे रकाने रिकामे राहतात आणि अख्ख्या मकतबला, भावाला, शेजारच्या मुलाला ते वाचता येतं. रिकामे ठेवायचे तर लाज, भरायचे तर खोटं. त्या मुलींनी तक्ताच सोडला, हे त्यांनी शहाणपणाने केलं. त्यांना एकत्र घेऊन एवढंच सांगा की तक्ता आता नाही आणि यापुढे कोणाच्या नमाजचा हिशेब भिंतीवर लागणार नाही. कारण विचारू नका, माफीही मागायला लावू नका.

मग नमाजची सवय लागायची कशी? सोबतीने. सात वर्षांच्या मुलाला नमाजला सांगा, अशी हदीस आहे आणि सक्तीची गोष्ट दहाव्या वर्षी येते. मधली तीन वर्षं म्हणजे पाच हजारांहून जास्त नमाजांची वेळ. इतके वेळा नुसतं प्रेमाने बोलवायचं आहे. तुमच्याकडे मुलं असरनंतर येतात आणि मगरिबला सुटतात, हा तुमच्या हातातला सोन्यासारखा वेळ आहे. मगरिब मकतबमध्येच सगळ्यांनी मिळून पढा. दहा मिनिटं आधी पुस्तकं बंद करा म्हणजे वुजूला झुंबड उडत नाही आणि भांडणंही होत नाहीत. नमाजनंतर दोन मिनिटं दिवे लावायच्या आधी तसंच बसा आणि आज पढलेल्या सूरहमधल्या एकाच शब्दाचा अर्थ सांगा. एकच. बाकीच्या चार नमाजांबद्दल "पढलास का?" असं रोज विचारू नका. या प्रश्नाला मूल एकच उत्तर द्यायला शिकतं.

फजरचे दोन गुण तर अन्यायाचेच होते. ज्याचे वडील घरी आहेत, मशीद दारात आहे, त्याला कोणी उठवतं. ज्याचे वडील आखातात आहेत, आई पहाटे उठून डबे करते आणि घर वरच्या वाडीत आहे, ते मूल कितीही नेक असलं तरी त्याचे गुण बुडणार. फजरचे गुण खरं तर घराला मिळत होते. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) विचारलं होतं की सगळ्या मुलांना असंच दिलंस का, आणि नाही म्हटल्यावर सांगितलं की अल्लाहला भ्या, मुलांमध्ये इन्साफ करा. मकतबच्या भिंतीलाही हाच नियम लागू आहे.

आता काकांची सायकल. गेल्या काही वर्षांत देशात-परदेशात असे चाळीस दिवसांच्या फजरचे उपक्रम झालेत. सकाळी मशीद मुलांनी भरलेली पाहून मोठ्यांचे डोळे भरून येतात, त्यामुळे काकांची नियत चांगली आहे यात शंका नाही. पण काही गोष्टी त्यांच्यासमोर मांडा. जानेवारीत आपल्याकडे फजरची वेळ पावणेसहाच्या पुढे असते, मे अखेरीस पावणेपाचच्या आसपास. अंधारात आठ वर्षांचं मूल एकटं पाखाडी उतरून येणार, पावसात सापविंचू, हल्ली गावाच्या कडेला बिबट्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास तरी झोप हवी, म्हणजे पावणेपाचला उठणाऱ्याने पावणेआठला झोपायचं. कितीजणांच्या घरी ते जमेल? अठ्ठावीसाव्या दिवशी ताप आला तर सत्तावीस दिवसांचं काय? मुली यात कुठे आहेत? आणि एक्केचाळिसाव्या दिवशी काय होतं, हे काकांनी स्वतः सांगावं. सायकल घेऊन गेलेलं मूल बेचाळिसाव्या दिवशी झोपलेलं दिसलं की गाव म्हणणार, "बघा, सायकलीपुरतीच नमाज होती." ती बोचणी त्या मुलाला कायमची राहते.

नकार देऊन काकांना दुखवू नका, त्यांच्या पैशाला दुसरी वाट द्या. एका सायकलीच्या पैशात मकतबला चांगल्या रिहाल येतील, वुजूच्या जागी मुलांच्या उंचीचे नळ आणि बसायचे ओटे होतील. फजरच हवी असेल तर रविवारची ठेवा: महिन्यातून एक, मूल वडील, आजोबा किंवा मामाच्या बोटाला धरून येईल आणि नमाजनंतर सगळ्यांना गरम चहा आणि घावणे. आलेल्याला नाश्ता. मोजणी नाही, हजेरी नाही. हा नाश्ता लोकरीच्या खेळण्याच्या जातीचा आहे. पैशाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जकातीचे (धर्माने बंधनकारक केलेल्या दानाचे) हकदार सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत ठरवून दिलेले आहेत, तेव्हा सगळ्यांना वाटायच्या इनामाला जकातीची रक्कम लावू नका, चंदा किंवा नफील (ऐच्छिक) सदका वापरा. आणि मुलांकडून दहा-दहा रुपये गोळा करून जिंकणाऱ्याला द्यायची शर्यत कधीच नको, ती जुगाराच्या वळणाने जाते.

दुसऱ्या ढिगाकडे, अखलाककडे, वळतो. इथे तुम्हाला सर्वात जास्त मेहनत आहे, कारण अखलाक दिसायला नजर लागते. एक छोटी वही करा, फक्त तुमची. ४२ नावं, दर आठवड्याला सात. या आठवड्यात या सात मुलांकडे मुद्दाम बघायचं आणि प्रत्येकाची एक तरी खरी चांगली गोष्ट तारखेसह लिहायची. सहा आठवड्यांत सगळी मुलं होतात. लिहिताना लक्षात येईल की काही मुलांबद्दल पटकन सुचतं आणि काहींबद्दल अजिबात नाही. ज्यांच्याबद्दल सुचत नाही, ती मुलं वाईट असतात असं नाही. ती आपल्या नजरेबाहेर असतात, एवढंच.

मग कौतुक कसं करायचं? "शाब्बास, तू फार नेक मुलगा आहेस" हे टाळा. त्यातून मुलाला काय केलं ते कळत नाही आणि उद्या चूक झाली की आपण नेक नाही असं वाटू लागतं. केलेली गोष्ट सांगा, तिने कोणाचं काय भलं झालं ते सांगा, बस. "आज दारातल्या चपला तू सरळ लावल्यास, म्हणून नमाज सुटल्यावर बारक्यांना आपली जोडी लगेच सापडली." "दौत तुझ्या हातून सांडली हे तू स्वतः येऊन सांगितलंस. कठीण होतं ते. जझाकल्लाह." खरं सांगितल्यावर दौत सांडल्याची शिक्षा देऊ नका, फडकं द्या आणि दोघांनी मिळून पुसा. तोंडावर अति स्तुती करण्याला हदीसमध्ये भावाची मान कापणं म्हटलंय, तेव्हा हात जरा आखडताच बरा.

स्तुती पोचवायचा एक फार सुंदर नमुना आपल्याकडे आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तरुण होते. त्यांनी पाहिलेलं एक स्वप्न त्यांची बहीण हजरत हफ्सा (रजि.) यांनी पैगंबर साहेबांना (स.) सांगितलं. ते म्हणाले, "अब्दुल्लाह किती चांगला माणूस आहे, रात्री नमाज पढेल तर." बहिणीकडून हे कानावर आलं आणि त्यानंतर अब्दुल्लाह रात्री थोडंच झोपत. यात आधी कदर आहे, मग एकच पुढचं पाऊल, आणि निरोप घरच्या माणसाकडून. तुम्हीही असंच करा. आई न्यायला आली की मुलाच्या माघारी सांगा, "आज त्याने आपला खाऊ न मागता वाटला." आई रात्री ते सांगेल तेव्हा त्याची गोडी वेगळीच असते. रोजच्या सह्यांच्या चिठ्ठीऐवजी महिन्यातून एकदा अशी दोन ओळींची चिठ्ठी घरी पाठवा. तिच्यावर सही नको.

भेट द्यावीशी वाटली तर द्या, भेटीने मोहब्बत वाढते. पण ती अचानक असावी, लहान असावी: अत्तराची छोटी बाटली, टोपी, ओढणीची पिन, मिसवाक, आंब्याचं रोप. "अमुक केलंस म्हणून" असं न म्हणता "तुझी आठवण झाली म्हणून" म्हणून द्या. वर्षभरात प्रत्येकाच्या हाती एक तरी पडावी आणि कोणाला दिली ते वहीत लिहा. नाहीतर कमिटीतल्या घरच्या मुलांना नकळत दोन जातात. जेलीची चॉकलेटं वगैरे सोडा, त्यात जिलेटिन कशाचं यावरून उगाच वाद होतो.

वार्षिक जलशातही हेच. पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक ठेवायचा तर किरात (सुरात कुरआन-पठण) आणि दुआंच्या मुकाबल्यापुरता ठेवा. "सर्वात नेक तालिबे इल्म (विद्यार्थी)" असा इनाम व्यासपीठावर कोणालाच देऊ नका. नेकीचा नंबर लावायचा अधिकार आपला नाही. त्याऐवजी बेचाळीसही मुलांच्या सनदेवर वहीतली एक-एक ओळ लिहा. दोन संध्याकाळी लागतील, पण तो कागद घरोघरी जपला जाईल.

तक्ता उतरवताना घाई नको. मुलांनी जमवलेले गुण हे तुमच्यावरचं कर्ज आहे. एक बाई मुलाला "ये, तुला काही देते" म्हणाल्या, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) विचारलं होतं की काय देणार होतीस. खजूर, असं त्यांनी सांगितलं. मग ते म्हणाले, काही दिलं नसतंस तर तुझ्या नावे एक खोटं लिहिलं गेलं असतं. म्हणून आज सांगा की अजून दोन शनिवार गुणांचा हिशेब होईल, कोणाचाही एक गुण बुडणार नाही. वजा झालेले परत करा. शेवटच्या शनिवारी सगळं वाटून तक्ता मुलांकडूनच उतरवा. साध्या शब्दांत सांगा, "नमाज तुमच्यात आणि अल्लाहमध्ये आहे. मी मध्ये गुण घेऊन उभी राहिले होते, आता बाजूला होते." पुढचे तीन-चार आठवडे हजेरी आणि उत्साह खाली येईल, त्याला घाबरू नका, आणि कमिटीलाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी चॉकलेटचा डबा घेऊन येईल. फरक मोजायचाच असेल तर दाराशी मोजा. कोणी बघत नसताना, तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात तेव्हा, चपलांच्या किती जोड्या सरळ आहेत ते बघा. आज बघा, दोन महिन्यांनी बघा.

आणि त्या नऊ वर्षांच्या मुलाला उद्याच जवळ बोलवा. तो सुट्टीतही नमाज पढायच्या गोष्टी करतोय, हे आधी त्याला सांगा. मग म्हणा, "मुंबईचे गुण कोणी लिहिणार नाही. पण एक काम देते. नानीला लहानपणी शिकलेली एखादी दुआ विचार, तिच्याच चालीवर पाठ कर, आणि जूनमध्ये आलास की मला आणि बारक्यांना शिकव." त्याच्या नमाजबद्दल काही विचारू नका. तो जूनमध्ये आला की दुआ मात्र आठवणीने ऐका, पहिल्याच दिवशी, सगळ्यांना गोल बसवून.